दुसऱ्या वर्षाचे पैसे: पीटरबरो गावाच्या ग्रंथालयाचं प्रकरण

९ एप्रिल १८३३ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, पीटरबरो नावाच्या गावाच्या सभेत एक ठराव झाला. राज्याकडून शिक्षणासाठी जो पैसा गावाला मिळतो, त्यातला काही भाग पुस्तकांसाठी बाजूला काढायचा आणि ती पुस्तकं गावातल्या लोकांना मोफत वाचायला द्यायची, असा तो ठराव. सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं, त्याच पैशावर पुढे चालवलेलं आणि सर्वांना मोफत खुलं असलेलं पहिलं ग्रंथालय म्हणून आज जगभर या गावाचं नाव घेतलं जातं.

या प्रकरणात माझं लक्ष वेधून घेतलं ते मात्र ‘पहिलं’ या शब्दाने नाही. जगात ग्रंथालयं सुरू करणारे पुष्कळ झाले. कोणी श्रीमंताने पुस्तकं दिली, कोणी संस्था काढली, कोणी मृत्युपत्रात रक्कम ठेवली. पहिल्या वर्षी कपाटं भरलेली असतात, लोक उत्साहाने येतात. दुसऱ्या वर्षी नवी पुस्तकं कोणाच्या पैशाने घ्यायची, फाटलेली कोणी बांधून घ्यायची, दिवाबत्तीचं काय, हे प्रश्न येतात आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते. पीटरबरोने नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं. त्या गावाकडे ना मोठा दाता होता, ना स्वतःची इमारत. होता तो दरवर्षी येणारा, आकाराने लहानसा पैसा, आणि तो पुस्तकांवर खर्च करायला तयार असलेली सभा.

गाव आणि अ‍ॅबट

पीटरबरो हे कॉन्टूकुक नदीकाठचं, जवळच्या मोनॅडनॉक डोंगराच्या परिसरातलं गाव. १७६० मध्ये त्याला गावाचा अधिकृत दर्जा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सुती कापडाच्या गिरण्या इथे उभ्या राहिल्या. १८३० च्या सुमारास वस्ती दोन हजारांच्या आसपास होती. म्हणजे शेतकरी, गिरणीकामगार, दुकानदार आणि कारागीर यांचं, फार गरीब नाही पण श्रीमंत मुळीच नाही, असं गाव.

ठरावामागे ज्यांचं नाव घेतलं जातं ते एबिएल अ‍ॅबट हे युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. हार्वर्डमधून १७८७ साली शिकून बाहेर पडलेले, १८२७ मध्ये पीटरबरोला आलेले आणि ठरावाच्या वेळी वयाची पासष्टी ओलांडलेले. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग या प्रकरणाशी जवळून जोडलेला आहे असं मला वाटतं. कनेक्टिकटमधल्या कॉव्हेंट्री गावात ते आधी धर्मोपदेशक होते. त्यांची धार्मिक मतं रूढ चौकटीत बसत नाहीत, असं म्हणत १८११ मध्ये त्या भागातल्या धर्मोपदेशकांच्या मंडळाने त्यांना पदावरून दूर केलं. पुस्तकं एखाद्या पंथाच्या ताब्यात ठेवली की काय होतं, हे अशा माणसाला वेगळं सांगावं लागत नसणार. पीटरबरोत आल्यावर मुलांसाठी पुस्तकं जमवण्याचं काम त्यांनी आधीच हाती घेतलं होतं. गावाच्या ग्रंथालयाची सूत्रं मात्र त्यांनी चर्चकडे ठेवली नाहीत, गावसभेकडे दिली.

गावसभा म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे न्यू हॅम्पशायरसह अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सहा राज्यांच्या, गावांमध्ये मताधिकार असलेले रहिवासी वर्षातून किमान एकदा एकत्र जमत. विषयपत्रिका आधी जाहीर झालेली असे. रस्ते, पूल, शाळा, गरिबांचा सांभाळ यांवर किती खर्च करायचा, हे तिथे समोरासमोर बोलून, हात वर करून ठरत असे. पूर्वी या यादीत धर्मोपदेशकाचा पगारही असायचा. न्यू हॅम्पशायरने १८१९ च्या कायद्याने ती सक्ती उठवली. चर्चसाठी कर द्यायचं बंधन गेलं, पण सामायिक गोष्टीसाठी सर्वांनी मिळून पैसे द्यायची सवय गावांच्या हाडीमासी उरली होती. चौदा वर्षांनी त्याच सभेपुढे पुस्तकांचा विषय आला.

पैसा आला कुठून

या प्रकरणाचा सगळ्यात रंजक भाग हाच आहे, कारण ग्रंथालयासाठी हा पैसा कोणी कधी कल्पिलाच नव्हता.

डार्टमथ कॉलेज हे न्यू हॅम्पशायरमधलं जुनं खाजगी महाविद्यालय. राज्य सरकारने त्याची सनद बदलून ते आपल्या अखत्यारीत आणायचा प्रयत्न केला. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. महाविद्यालयाची बाजू डॅनिएल वेब्स्टर यांनी मांडली आणि १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने निकाल दिला की सनद हा करार आहे, सरकारला तो एकतर्फी बदलता येत नाही. राज्य हरलं. मग स्वतःचं उच्च शिक्षणाचं महाविद्यालय काढावं या विचाराने विधिमंडळाने १८२१ मध्ये एक निधी उभारला. राज्यातल्या प्रत्येक बँकेच्या भांडवलावर वर्षाला अर्धा टक्का कर बसवला आणि त्यातून येणारी रक्कम ‘साहित्य निधी’ म्हणून साठू लागली.

महाविद्यालय काही निघालं नाही. पैसा मात्र साठत गेला. शेवटी १८२८ च्या अखेरीस विधिमंडळाने तो गावागावांना वाटून टाकायचं ठरवलं. वापरासाठी घातलेली अट अशी होती: मोफत सार्वजनिक शाळा चालवण्यासाठी, ‘किंवा शिक्षणाच्या इतर कामांसाठी’.

बहुतेक गावांनी रक्कम सरळ शाळांच्या हिशोबात मिळवली. तेही चूक नव्हतं, शिक्षकाचा पगार कुठून तरी द्यावाच लागतो. पीटरबरोने त्या शेवटच्या चार-पाच शब्दांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. शाळा संपल्यावर माणूस जे शिकतो तेही शिक्षणच, आणि त्यासाठी पुस्तकं लागतात, असा त्याचा अर्थ घेतला. कायदा करणाऱ्यांच्या मनात ग्रंथालय होतं असं म्हणायला आधार नाही. पण कायद्याने जागा मोकळी ठेवली होती आणि गावाने ती वापरली. सरकारी निधीच्या अटी वाचायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक ग्रंथालय कार्यकर्त्याने हा तपशील लक्षात ठेवावा, असं मी मनापासून म्हणेन.

या निर्णयाला किंमत होती, हेही स्पष्ट म्हणायला हवं. पुस्तकांवर गेलेला प्रत्येक डॉलर शाळेला मिळाला नाही. मोठ्यांच्या वाचनासाठी मुलांच्या शाळेतला वाटा कमी करायचा का, हा साधा प्रश्न नाही. पीटरबरोने सगळी रक्कम पुस्तकांना दिली नाही, फक्त एक भाग दिला. मला हा समतोल शहाणपणाचा वाटतो. सगळं मागितलं असतं तर बहुधा पहिल्याच सभेत नकार आला असता.

आधी काय झालं होतं

पीटरबरोची निवड किती वेगळी होती, ते न्यू इंग्लंडमधल्याच दोन जुन्या प्रयत्नांशी ताडून पाहिलं की कळतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका नव्या गावाने १७७८ मध्ये स्वतःला बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याचं नाव दिलं. गावकऱ्यांना चर्चसाठी घंटा हवी होती. फ्रँकलिन यांनी कळवलं की घंटेऐवजी पुस्तकं देतो, नादापेक्षा अर्थ बरा. १७८५ मध्ये त्यांनी पॅरिसजवळच्या पासीहून लंडनमधल्या रिचर्ड प्राइस या मित्राला लिहून साधारण पंचवीस पौंडांची पुस्तकं निवडायला सांगितली. ११६ खंड गावात आले. ते कोणी वाचायचे यावर मग वाद सुरू झाला. चर्चच्या मंडळातल्यांनीच की गावातल्या सर्वांनी? १७९० मध्ये गावसभेने सर्वांना मोफत देण्याचं ठरवलं. पीटरबरोच्या ४३ वर्षं आधी! खरं तर ‘पहिलं’ म्हणायला हेच पुरेसं वाटावं.

पण नव्या पुस्तकांसाठी तरतूद नव्हती. संग्रह आला तसाच राहिला. पुढे अमेरिकेतल्या शालेय शिक्षणाचे मोठे सुधारक ठरलेले होरेस मान याच गावात १७९६ साली जन्मले आणि लहानपणी त्यांनी हीच पुस्तकं वाचली. त्यांनीच नंतर लिहून ठेवलं की त्यात जुने इतिहास आणि धर्मशास्त्र यांचाच भरणा होता, ती गावातल्या ज्येष्ठांच्या आवडीची होती, मुलांच्या नव्हे. मान यांच्यासारखा मुलगा त्यातूनही वाट काढतो. बाकीची मुलं एकदा पान उलटून बघतात आणि परत येत नाहीत. दान कितीही मोठ्या माणसाचं असो, देणाऱ्याने एकदा निवडलेली पुस्तकं वाचकाबरोबर बदलत नाहीत. ते ११६ खंड आज त्या गावच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत, ही गोष्ट वेगळी.

दुसरं उदाहरण कनेक्टिकटमधल्या सॉल्झबरीचं. तिथे जन्मलेले आणि बॉस्टनमध्ये पुस्तकविक्रेते झालेले केलेब बिंगहॅम यांनी १८०३ मध्ये गावच्या ९ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी १५० पुस्तकं पाठवली. लहानपणी आपल्याला पुस्तकं मिळाली नाहीत, ही त्यांची खंत होती. १८१० मध्ये गावसभेने त्यात भर घालायला शंभर डॉलर मंजूर केले. एका गावाने सार्वजनिक पैसा ग्रंथालयाला दिल्याची ही फार महत्त्वाची नोंद आहे. पण संग्रह मुलांसाठीचा होता आणि मूळ भांडवल देणगीचं.

या दोन्हींखेरीज वर्गणीवर चालणारी वाचनालयं होतीच, आणि न्यू इंग्लंडच्या गावोगावी होती. फ्रँकलिन यांनीच १७३१ मध्ये फिलाडेल्फियात ५० सभासद जमवून असं वाचनालय काढलं होतं: सुरुवातीला ४० शिलिंग, पुढे दरसाल १० शिलिंग. वर्गणीचा दोष सगळ्यांना ठाऊक असतो, ज्याला परवडतं तोच वाचतो. तिचा दुसरा दोष कमी बोलला जातो. सभासद म्हातारे होतात, गाव सोडून जातात, उत्साह ओसरतो, आणि वर्गणी थकली की पुस्तकं लिलावात जातात. त्या काळातली असंख्य छोटी वाचनालयं अशीच विरून गेली.

दुकानातलं ग्रंथालय

पीटरबरोच्या ग्रंथालयाची पहिली जागा म्हणजे गावातलं किराणा-भुसार दुकान. त्याच दुकानात टपाल कार्यालय होतं आणि पोस्टमास्तरच ग्रंथपाल झाले. आजच्या नजरेला ही तडजोड वाटेल. मला ती फार नेमकी निवड वाटते. त्या काळी अमेरिकेत टपाल घरपोच येत नसे. ती सोय १८६३ नंतर आणि तीही आधी शहरांत सुरू झाली. पत्र आलं आहे का हे विचारायला प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्या दुकानात यायचंच. मीठ, खिळे, कापड घ्यायलाही तिथेच. वाचणारा माणूस ग्रंथालयात यावा म्हणून धडपडण्याऐवजी, तो जिथे आधीच येतो तिथे पुस्तकं ठेवली. भाडं नाही, वेगळा पगारी माणूस नाही. हाताशी असलेला पैसा जवळपास सगळा पुस्तकांवर खर्च करता आला.

पुढची साठ वर्षं या ग्रंथालयाला स्वतःची वास्तू नव्हती. साठ वर्षं! तरी ते बंद पडलं नाही. ग्रंथालय म्हटलं की आधी जागा, मग इमारत, मग उद्घाटन आणि शेवटी उरलंच तर पुस्तकं, असा क्रम लावणाऱ्या मंडळींसमोर हे उदाहरण मी आवर्जून ठेवेन.

सभेत मत देणारे १८३३ मध्ये फक्त पुरुष होते. स्त्रियांना तिथे मत नव्हतं. न्यू हॅम्पशायरमध्ये शाळांच्या कारभारापुरतं ते १८७८ मध्ये मिळालं आणि सर्वसाधारण मताधिकारासाठी १९२० उजाडावं लागलं. पुस्तकं मात्र गावातल्या सर्वांसाठी होती. त्या भागातल्या कापडगिरण्यांमध्ये शेतकऱ्यांच्या तरुण मुली मोठ्या संख्येने काम करत. वर्गणीच्या वाचनालयाचा हिस्सा विकत घेणं अशा मुलीला सहसा परवडणारं नव्हतं, आणि हिस्सा बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावरच असे. जिला गावच्या कारभारात बोलायचा अधिकार नाही, तिला गावच्या पुस्तकांवर हक्क मिळाला. या ठरावाची खरी थोरवी मला इथे दिसते, आणि ती ‘पहिलं’ या बिरुदापेक्षा मोठी आहे.

त्या बिरुदाबद्दल एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. पीटरबरोने सुरुवातीला स्वतःच्या घरांवर-जमिनींवर ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला नव्हता. पैसा बँकांवरच्या राज्याच्या करातून आलेला होता, गावाने फक्त त्याची वाटणी ठरवली. काटेकोर अर्थाने ‘स्थानिक करावर चालणारं पहिलं ग्रंथालय’ म्हणणं म्हणूनच थोडं सैल ठरतं. पण तो पैसा गावाच्या हातात होता, दुसऱ्या कामाला वापरता आला असता आणि सभेने तो जाणूनबुजून पुस्तकांना दिला. माझ्या लेखी कसोटी हीच: खर्च करायची मोकळीक असताना गाव कशाची निवड करतं.

कायदे मागून आले

एका गावाने केलेली गोष्ट कायद्यात उतरायला सोळा वर्षं लागली. १८४९ मध्ये न्यू हॅम्पशायरने राज्यातल्या कोणत्याही गावाला सार्वजनिक ग्रंथालयासाठी कर उभारायची मुभा दिली. सगळ्या गावांना लागू होणारा असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. त्याआधी वर्षभर, १८४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने फक्त बॉस्टन शहरापुरती परवानगी दिली होती, वर्षाला पाच हजार डॉलरच्या मर्यादेत. बॉस्टनचं ग्रंथालय वाचकांसाठी उघडलं ते १८५४ मध्ये. शहर मोठं, विद्वान मोठे, आणि तरी दोन हजार वस्तीच्या गावाच्या एकवीस वर्षं मागे.

मॅसॅच्युसेट्सच्या १८५१ च्या सर्वसाधारण कायद्यातली एक तरतूद मला फार बोलकी वाटते. ग्रंथालय स्थापन करताना प्रत्येक करपात्र माणसामागे एक डॉलरपर्यंत, आणि त्यानंतर दरवर्षी पंचवीस सेंटपर्यंत खर्च करायला परवानगी होती. स्थापनेचा पैसा आणि चालवण्याचा पैसा वेगळा मोजायला हवा, हे कायद्याने असं उघड मान्य केलं.

इंग्लंडने १८५० मध्ये विल्यम एवर्ट यांच्या पुढाकाराने केलेला कायदा याच्या अगदी उलट टोकाला गेला. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांनाच परवानगी, करदात्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती आवश्यक, कर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या पौंडामागे अर्धा पेनीपर्यंत. आणि तो पैसा इमारत, दिवाबत्ती, नोकरवर्ग यांवर खर्च करायचा, पुस्तकांवर नाही! पुस्तकं देणगीतून येतील अशी अपेक्षा होती. पाच वर्षांत चूक लक्षात आली. १८५५ मध्ये कर एक पेनीपर्यंत वाढवला, वस्तीची अट पाच हजारांवर आणली आणि पुस्तकं विकत घ्यायला परवानगी दिली. तेव्हाचं पीटरबरो त्या सुधारलेल्या अटीतही बसलं नसतं. तिथे पुस्तकं होती आणि भिंती नव्हत्या, इंग्लंडच्या कायद्याला भिंती हव्या होत्या आणि पुस्तकांची फिकीर नव्हती.

भिंती

पीटरबरोला भिंती मिळाल्या त्या १८९३ मध्ये. विटांच्या इमारतीचा आराखडा जॉर्ज मॉरिसन यांनी केला. हे मोठे पूलबांधणी अभियंते. मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीवरचा त्यांचा रेल्वे पूल आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, खुला झाला होता. मॉरिसन घराण्याची मुळं पीटरबरोतली, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. गावाबाहेर नाव कमावलेल्या माणसाने परत येऊन गावासाठी काही करावं, ही गोष्ट इथेही घडली, पण ती घडली तेव्हा ग्रंथालय साठ वर्षांचं झालेलं होतं. इमारत एका चालत्या संस्थेसाठी बांधली गेली.

पोलाद उद्योगातले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांचं उदाहरण इथे जोडून पाहण्यासारखं आहे. १८८६ ते १९१९ या काळात त्यांच्या पैशातून एकट्या अमेरिकेत १,६७९ ग्रंथालय इमारती उभ्या राहिल्या. त्यांची अट ठरलेली असे: जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी सार्वजनिक पैशातून ग्रंथालय चालवण्यासाठी बांधून द्यायची. पुस्तकं ते देत नसत. या अटीवर तेव्हा टीका झाली, काही गावांना ती जाचक वाटली. मला ती त्यांच्या दानातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते. गाव दुसऱ्या वर्षाचे पैसे द्यायला तयार नसेल तर पहिल्या वर्षाची इमारत देऊन उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पीटरबरोला अशी अट घालायची कोणाला गरज पडली नाही. साहित्य निधीचा वाटा, पुढे गावाचा स्वतःचा कर, असा पैशाचा मार्ग बदलत गेला तरी तरतूद होत राहिली. एकविसाव्या शतकात इमारत वाढवताना १८९३ चा विटांचा भाग राखून ठेवला. गावाची वस्ती आजही साडेसहा हजारांच्या आत आहे. ग्रंथालय हा गावच्या कारभाराचाच एक विभाग आहे, त्याचे विश्वस्त मतदारांनी निवडलेले असतात आणि त्याचा खर्च गावच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी मंजूर व्हावा लागतो.